ड्रायव्हरला काढणारा आणि तेलाचा डबा नेणारा माणूस एकच. मग पुरावा कशाचा धरायचा?

बोरीकाठ | मंगळवार, रात्री ९:४२

आमचं गाव पारोळ्याच्या अलीकडे, हायवेपासून दीडेक किलोमीटर आत. मागच्या आठवड्यात गावी होतो. पहाटे पाचच्या आसपास असा आवाज झाला की गोठ्यातली म्हैस दावं तोडून उभी राहिली. वळणावर ट्रक उलटला होता. आत सोयाबीन तेलाचे डबे, १५ किलोवाले, पत्र्याचे. रात्रभर आषाढाची झड लागलेली.

आमचे नाना (माझे चुलते, वय ६१, दर चैत्रात सप्तशृंगीला पायी जाणारे) सगळ्यांच्या आधी पोचले, कारण त्या वेळी ते डबा घेऊन शेताकडेच निघाले होते. हा डबा वेगळा, गैरसमज नको. ड्रायव्हर केबिनमध्ये अडकलेला, खाली डिझेल सांडलेलं. नानांनी दगडानं काच फोडली, हात घातला, दार काही उघडेना, मग त्याच भोकातून अर्धे आत गेले. मागून आलेल्या तिघांनी पाय धरले. ड्रायव्हर बाहेर आला. नानांच्या हाताला १२ टाके पडले.

सात वाजेपर्यंत सगळा गाव तिथं. आणि मग जे होतं ते झालं. कोणी डोक्यावर, कोणी सायकलवर, एकानं तर बैलगाडीच आणली. नाना दवाखान्यातून टाके घालून परत आले आणि चांगल्या हाताच्या खांद्यावर एक डबा टाकून घरी घेऊन गेले. भर रस्त्यानं नाही, मागच्या बोळीतून.

संध्याकाळी पारावर मामांनी (हे पक्के माळकरी) सिद्धान्त मांडला: माणूस जातीचा स्वार्थी, त्यामुळे काचेत हात घालणारे नाना नव्हतेच, तो देव होता. ह्याहून मोठा पुरावा कोणता पाहिजे? मी विचारलं, मग डबा नेणारे कोण? मामा म्हणाले, ते नाना.

नफा देवाच्या खात्यावर, तोटा नानांच्या. हा हिशेब मला काही पटेना. तर प्रश्न एवढाच: माणसाचं वागणं हा देव असल्याचा पुरावा धरता येतो का? श्रद्धेबद्दल विचारत नाहीये. पुराव्याबद्दल विचारतोय.


केळीचं_खोड | मंगळवार, रात्री ९:५५

वाचतोय. तेलाचा ब्रँड कुठला?


भुसावळ_जंक्शन | मंगळवार, रात्री १०:२०

तेहतीस वर्षं रेल्वेत काढली, त्यामुळे सिग्नलच्या भाषेत सांगतो. सिग्नलला किंमत कधी? गाडीला रस्ता मोकळा असेल तेव्हा हिरवा आणि नसेल तेव्हा लाल, तेव्हाच. कसंही असलं तरी हिरवाच राहणारा सिग्नल बिघडलेला असतो. तुमच्या मामांचा सिग्नल तसला आहे. माणूस चांगला वागला तर देवाची प्रेरणा, वाईट वागला तर देवानं दिलेलं स्वातंत्र्य, मधलं काही केलं तर देवाची लीला. काहीही झालं तरी हिरवाच.

आता राहिला प्रश्न काचेत हात का घातला. ह्याला देव लागत नाही. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन ह्या जीवशास्त्रज्ञानं १९६४ मध्ये गणित मांडून दाखवलं की रक्ताच्या नात्यातल्यांसाठी खस्ता खाणं हे उत्क्रांतीत टिकून राहू शकतं. परक्यासाठी केलेल्या मदतीचं कोडं रॉबर्ट ट्रिव्हर्सनं १९७१ मध्ये बऱ्यापैकी सोडवलं: आज मी तुझ्यासाठी, उद्या तू माझ्यासाठी. रक्त पिणारी वटवाघळं उपाशी राहिलेल्या सोबतिणीला आपल्या पोटातलं रक्त काढून भरवतात, हे विल्किन्सननं १९८४ मध्ये नोंदवलं. वटवाघूळ वणीच्या गडावर पायी जात नाही.


मुक्ताईची_लेक | मंगळवार, रात्री १०:४८

जंक्शन काका, वटवाघळाची सोबतीण रोज शेजारी लटकलेली असते, तिची परतफेड होऊ शकते. तो ट्रक ड्रायव्हर कुठला कोण, तो परत कधी भेटणार नानांना?


भुसावळ_जंक्शन | मंगळवार, रात्री ११:०२

तो नाही भेटणार, पण गाव रोज भेटतं. नानांचं नाव झालं ना पंचक्रोशीत? आणि ही सवय लहान टोळ्यांत राहताना लागलेली आहे, तिथं परका असा क्वचितच भेटायचा. जीभ गोड शोधते ती कमी गोड मिळायचं त्या काळातली. आता डायबेटीस झाला तरी जिभेला ते कळत नाही. तसंच.


जुनं_दप्तर | बुधवार, सकाळी ६:३०

अमळनेरचा आहे, त्यामुळे राहवत नाही. ज्या गावात श्रीमंत प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं, ज्या मंदिरात पुढे के. सी. भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ संचालक म्हणून येऊन राहिला, आणि जिथं साने गुरुजी मास्तर व्हायच्या आधी शिकायला आले होते, त्या गावच्या माणसानं ह्या धाग्यावर गप्प बसणं बरं दिसत नाही.

बोरीकाठ, तुमच्या मामांचा युक्तिवाद हजारेक वर्षं जुना आहे, फक्त मूळ मांडणी फार चांगली होती. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजली ह्या ग्रंथात परलोकाकडे नेणारं अलौकिक कारण असतं हे सिद्ध करताना जे हेतू (म्हणजे पुरावा म्हणून दिलेली कारणं) दिलेत, त्यात एक आहे 'विश्ववृत्ती'. म्हणजे सगळ्या जगाचं वागणं. उदयन विचारतात: लोक उपास करतात, दान देतात, यज्ञात तूप ओततात, तीर्थाला पाय झिजवतात. हे सगळं फुकट म्हणावं, तर एवढं जग बिनकामाचं कष्ट का करेल? फक्त दुःख मिळावं म्हणून करतं म्हणावं, तर तसा कोणी नसतो. डोळ्यांना दिसणारा फायदा म्हणावा, तर तो बऱ्याचदा नसतोच. मग शेवटचा आक्षेप उरतो: कोणीतरी ठकानं जगाला फसवलंय. ह्यावर उदयनांचं उत्तर मला फार आवडतं. दुसऱ्याला फसवायचं म्हणून जो स्वतः जन्मभर उपाशी राहील, पैसा सोडील, शरीर झिजवील, असा ठक असतो कुठे?

इथं दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, उदयन 'चांगलं वागणं' घेत नाहीत. दिसणारा फायदा नसताना केलेलं वागणं घेतात. मामांपेक्षा ही चाळणी बारीक आहे. दोन, ह्या हेतूनं ते थेट ईश्वरावर उडी मारत नाहीत. आधी येतं ते अदृष्ट, कर्माचा साठा म्हणा. ईश्वर नंतर येतो, कारण अदृष्ट जड आहे आणि जडाला चालवायला कोणी चेतन लागतो, अशी न्यायदर्शनाची, म्हणजे उदयनांच्या तर्कशास्त्री परंपरेची, धारणा.

आणखी एक गंमत. पुढे ईश्वराच्या सिद्धीसाठी जी नऊ कारणं दिलीत त्यात 'पद' म्हणून एक आहे. कापड विणण्यासारख्या कला माणूस माणसाकडून शिकतो, तो त्याच्या गुरूकडून, तो आणखी मागच्याकडून. सृष्टीच्या आरंभी पहिल्या विणकऱ्याला कोणी शिकवलं? ईश्वरानं. म्हणजे माणसाच्या हातातलं कसबसुद्धा पुराव्यात. प्रताप शेठजी गिरणीमालक होते आणि त्यांनी तत्त्वज्ञानाची संस्था काढली, ह्यात मला लहानपणापासून उदयनांचा धागा दिसतो. तेवढीच माझी अंधश्रद्धा.

पण (आणि हा 'पण' मोठा आहे) न्यायाच्याच नियमानं पाहिलं तर मामांचा हेतू टिकत नाही. डोंगरावर धूर म्हणून अग्नी, हे अनुमान चालतं कारण अग्नी नसताना धूर कोणी पाहिलेला नाही. हेतू (इथं धूर) साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट (इथं अग्नी), नसलेल्या ठिकाणीही सापडला की त्याला सव्यभिचार म्हणतात आणि तो बाद होतो. चांगुलपणाचं काय? देव न मानणाऱ्यातही तो सापडतो.


केळीचं_खोड | बुधवार, सकाळी ७:१०

दप्तर सर, देव न मानणाऱ्यात सापडला म्हणून देव नाही असं कसं? सूर्य न मानणाऱ्या माणसालाही ऊन लागतंच ना.


जुनं_दप्तर | बुधवार, सकाळी ७:४०

बरोबर पकडलंत. माझं शेवटचं वाक्य ढिलं होतं. 'देव न मानणारा' आणि 'देव नसलेली जागा' ह्या दोन वेगळ्या गोष्टी. खरी अडचण अशी की देव नसलेलं जग आपल्याला बाजूला ठेवून पाहता येत नाही. न्यायात, जिथं साध्य नाही हे नक्की माहीत आहे असं उदाहरण लागतं, धुराच्या बाबतीत तळं चालतं. तळ्यात ना धूर, ना अग्नी. इथं तळं आणायचं कुठून? त्यामुळे हेतू बाद झाला म्हणण्यापेक्षा तो तपासताच येत नाही म्हणणं जास्त खरं. जंक्शन साहेबांचा सिग्नल हाच, फक्त त्यांचा रुळावर आणि माझा तळ्याकाठी.


सराफ_गल्ली | बुधवार, दुपारी १२:१५

आमच्या घरचं उदाहरण. आम्ही जैन. जग निर्माण करणारा, चालवणारा, पाप-पुण्याचा निकाल देणारा ईश्वर आमच्यात नाही. तीर्थंकरांची पूजा करतो, पण ते कर्ते नव्हेत. तरी माझी आजी चातुर्मासात सूर्य मावळल्यावर पाणी पीत नाही, आणि आजोबांनी दुकानाच्या गल्ल्यातून पांजरापोळाची रक्कम कधी चुकवली नाही, भाव पडले त्या वर्षीही नाही. हा 'दिसणारा फायदा नसलेला' वागण्याचा नमुना झाला की नाही? कर्म आहे, पण देव नाही. मीमांसकांचंही (वेदातल्या यज्ञकर्मांचा अर्थ लावणाऱ्यांचं) जवळपास हेच. यज्ञाचं फळ मिळायला त्यांना ईश्वर लागत नाही, अपूर्व, म्हणजे कर्मातून उपजणारी न दिसणारी शक्ती, पुरतं.

म्हणजे उदयनांचा हेतू फार तर कर्मापर्यंत पोचतो. तिथून ईश्वरापर्यंतचं तिकीट वेगळं काढावं लागतं.


भुसावळ_जंक्शन | बुधवार, दुपारी १२:३०

तिकीट शब्दाबद्दल धन्यवाद. आणि कर्माचं तिकीटसुद्धा मला बिनतिकिटाचंच वाटतं, पण तो वेगळा धागा.


सातपुडा_ओपीडी | बुधवार, रात्री ११:५०

दिवसभर ओपीडी, आत्ता वाचलं. मी धडगावच्या बाजूला काम करतो. दोन गोष्टी.

पहिली प्रयोगाची. १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन ह्या दोघांनी प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्राच्या ४० विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग छापून आला. पोरांना सांगितलं, शेजारच्या इमारतीत जाऊन भाषण द्या. निम्म्यांना विषय दिला बायबलातल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीचा, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याची गोष्ट. वाटेत एक माणूस दारात खाली मान घालून, खोकत, कण्हत बसवलेला. कोण थांबलं? ज्यांना घाई नव्हती त्यांतले ६३ टक्के, थोडी घाई असलेल्यांतले ४५ टक्के, उशीर झालाय म्हणून सांगितलेल्यांतले १० टक्के. भाषणाचा विषय शोमरोनी होता की दुसरा, ह्यानं फारसा फरक पडला नाही. काही जण तर शोमरोन्यावर बोलायच्या घाईत त्या माणसाला ओलांडून गेले.

म्हणजे नानांनी हात घातला ह्यात 'पहाटे पाचला त्यांना कसलीच घाई नव्हती' हा भाग किती, हा प्रश्न विचारावाच लागेल. (घाई होती, पण डब्यामुळे. ती बहुतेक विसरली असेल.)

दुसरी गोष्ट पाड्यावरची. इथं एकाचं घर बांधायचं असलं की अख्खा पाडा येतो, मजुरी नाही, जेवण आणि थोडी 'व्यवस्था' एवढंच. एका म्हाताऱ्या बाबांना मी एकदा विचारलं होतं, याहामोगी माता सांगते म्हणून येता का सगळे? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी ताप मोजायला वजनकाटा आणलाय. म्हणाले, घर बांधायचं असतं म्हणून येतो, मातेला वर्षातून एकदा जातो. त्यांच्याकडे देव आहे, चांगुलपणाही आहे, पण एकाचा दुसऱ्याला पुरावा करायचा हे त्यांना सुचलेलंच नाही. हा आपला शहरी रिकामपणा असावा.


केळीचं_खोड | गुरुवार, सकाळी ६:०५

आता गंभीर लिहितो, पाऊस थांबलाय आणि शेतात पाय बुडतोय.

रावेर-यावल पट्ट्यात मे-जूनचं वादळ म्हणजे काय ते ज्याची केळी निसवलेली असते त्यालाच कळतं. अर्ध्या तासात सगळा बाग आडवा. एका वर्षी माझा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी न बोलावता शेजारचे सात-आठ जण विळे घेऊन आले, पडलेले घड कापून सावलीला लावले. त्यांचंही नुकसान झालेलं होतं. त्याच महिन्यात माझ्या विहिरीवरची मोटारीची केबल चोरीला गेली. तांब्यासाठी नेतात. आणि चोर निघाला विळा घेऊन आलेल्यांतलाच एक.

त्याला धरलं तेव्हा तो सरळ नाही म्हणाला. पोलिसासमोरही नाही म्हणाला, पापणी हलली नाही. मग माझी आई म्हणाली, तुझ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेव आणि सांग. पोरगं चार वर्षांचं, त्याच्या आईच्या मागं उभं. त्याचा हात उचलेना. दोन मिनिटं उभा राहिला आणि मग सगळं सांगितलं, भंगारवाल्याच्या नावासकट.

मला देव आहे की नाही ते सांगता येत नाही. पण पुरावा म्हणून मी ती दोन मिनिटं मांडीन, विळा नाही आणि केबलही नाही.


भुसावळ_जंक्शन | गुरुवार, सकाळी ९:१५

खोड, प्रसंग जबरदस्त. पण कोर्टात रोज शपथा घेऊन किती जण खोटं बोलतात ते एकदा जळगावच्या कोर्टाबाहेरच्या चहावाल्याला विचारा. शपथ चालते ती पोराच्या डोक्यामुळे. त्या दोन मिनिटांत तो देवाला घाबरला नाही, पोराला काही होईल ह्याला घाबरला. हॅमिल्टन १९६४.


केळीचं_खोड | गुरुवार, सकाळी ९:२०

पोराला 'काही' होईल म्हणजे कोण करेल काका? हॅमिल्टन?


भुसावळ_जंक्शन | गुरुवार, सकाळी ९:२२

हा मुद्दा दिला तुम्हाला. भीती देवाचीच होती. पण भीती खरी म्हणून ज्याची भीती तो खरा, असं होत नाही. आमच्या क्वार्टरमागच्या चिंचेवरच्या हडळीला तीन पिढ्या घाबरल्या.


सराफ_गल्ली | गुरुवार, सकाळी १०:००

क्वार्टर कुठले हो? माझा मामा तिथंच राहायचा. चिंच अजून आहे का?

(क्षमस्व, विषयांतर.)


जुनं_दप्तर | गुरुवार, दुपारी ३:१०

बोरीकाठ यांचा मूळ पेच, म्हणजे एकाच माणसात दोन्ही, ह्याला खानदेशातच मोठं उदाहरण आहे. १६३० ते १६३२ चा दुष्काळ. शाहजहान तेव्हा बऱ्हाणपुरात मुक्कामाला होता (आज ते मध्य प्रदेशात, पण त्या काळी खानदेश सुभ्याचं ठाणं तेच). त्याच्या दरबारी बखरीत, बादशाहनाम्यात, अब्दुल हमीद लाहोरीनं लिहून ठेवलंय की मेलेल्यांची हाडं दळून पिठात मिसळून विकली गेली, माणसं माणसांना खाऊ लागली. आणि त्याच वर्णनात पुढे आहे की बऱ्हाणपूर, अहमदाबाद, सुरत इथं अन्नछत्रं उघडली गेली. सरकारी बखर आहे, बादशहाचं कौतुक असणारच, पण हाडांचं पीठ त्यानं कौतुकासाठी लिहिलेलं नाही.

आता ह्यातून अनुमान काढा. अन्नछत्र पाहून देव, तर पीठ पाहून कोण? हाच तो दुष्काळ ज्यात देहूच्या तुकोबांची बायको आणि मुलगा गेले. त्या माणसानं ह्यानंतर कर्जाचे कागद इंद्रायणीत बुडवले. त्यानं पीठही पाहिलं असेल आणि छत्रही. पुरावा म्हणून काय मोजलं असेल त्यानं? मला वाटतं त्यानं मोजणीच सोडली.


मुक्ताईची_लेक | गुरुवार, रात्री ९:३०

दोन दिवस सगळं वाचतेय. आता माझं.

आमच्या घरी मुक्ताईची वारी. पालखीबरोबर आजी पंढरपूरला कितीदा गेली ह्याची मोजदाद नाही. म्हणून सांगते, भक्तांचं वागणं पुराव्यात घेऊच नका, पंचाईत होईल. मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले, दलितांना विठ्ठलाचं दार उघडावं म्हणून. बसणारा विठ्ठलाचा. दार अडवून धरणारेही विठ्ठलाचेच, रोज काकडआरतीला हजर. एकाच देवानं दोघांना दोन बाजूंनी ढकललं म्हणायचं का?

दुसरं, हा सगळा धागा नानांच्या हातावर चाललाय. १२ टाक्यांचा हात पंधरा दिवस कोरडा ठेवायचा, आंघोळ घालायची, म्हशीची धार काढायची, हे कोण करत असेल? काकू. ते वर्तन कोणी देवाच्या खात्यावर मांडलं नाही. रोजचं असलं की त्याला पुरावा म्हणत नाहीत, त्याला काम म्हणतात.

आणि तिसरं, मला ह्या गोष्टीत एकच वाक्य अडकवून ठेवतंय. बोरीकाठनं सहज लिहिलंय, कोणी हात लावला नाही. 'मागच्या बोळीतून.' अख्खा गाव भर रस्त्यानं डबे नेत होता, बैलगाडीतून नेत होता. कोणी कोणाला नावं ठेवणार नव्हतं. मग नाना बोळीतून का गेले? कोणाला लाजले?


भुसावळ_जंक्शन | गुरुवार, रात्री ९:५५

लोकांनाच. इंग्लंडात न्यूकॅसलच्या विद्यापीठात चहा-कॉफीच्या पैशांच्या डब्याजवळ एक आठवडा फुलांचं चित्र, एक आठवडा डोळ्यांचं चित्र लावलं. २००६ मध्ये छापून आलं. डोळे असलेल्या आठवड्यांत जवळपास तिप्पट पैसे पडले. कागदावरचे डोळे! माणसाला पाहिलं जाण्याची सवय इतकी खोल आहे.


मुक्ताईची_लेक | गुरुवार, रात्री १०:०४

पण बोळीत डोळे नव्हते. म्हणूनच तर ते बोळीत गेले. डोळे चुकवायला माणूस बोळीत जातो हे समजलं, पण रस्त्यावरचे डोळे तर सगळे त्यांच्यासारखेच डबेवाले होते. त्यांच्यापासून चुकवायचं काय होतं? ज्याच्यापासून चुकवत होते तो रस्त्यावर नव्हताच.


जुनं_दप्तर | गुरुवार, रात्री १०:३०

ताई, हे जर्मन तत्त्वज्ञ कांटला आवडलं असतं. त्यानं १७८८ मध्ये नेमकी हीच जागा धरली. आतला आदेश आहे, 'असं कर' म्हणणारा, आणि तो फायद्याकडे बघत नाही. पण कांटसुद्धा म्हणत नाही की ह्यानं देव सिद्ध झाला. तो म्हणतो, नीती आणि सुख ह्यांचा कधीतरी मेळ बसेल असं मानल्याशिवाय आपण नीट वागू शकणार नाही, म्हणून देव गृहीत धरावा लागतो. गृहीत. भूमितीच्या वहीत पहिल्या ओळीला लिहितात ते. शेवटच्या ओळीला, 'हेच सिद्ध करायचे होते' च्या वर, लिहितात ते नव्हे.


भुसावळ_जंक्शन | गुरुवार, रात्री १०:४१

ताई, बोळीचा मुद्दा मला उद्या सकाळपर्यंत द्या. आत्ता उत्तर तयार आहे, पण ते मलाच पुरेसं वाटत नाहीये. (सवय आतवर गेली की डोळे नसतानाही लाज वाटते, हे उत्तर. पण मग 'आतवर' म्हणजे कुठे, हे तुम्ही विचारणार.)


मुक्ताईची_लेक | गुरुवार, रात्री १०:४३

विचारणार होते.


केळीचं_खोड | शुक्रवार, सकाळी ६:२०

मामांचं काय मत ह्यावर? आणि मुख्य म्हणजे नानांना कोणी विचारलं का?


बोरीकाठ | सोमवार, रात्री ८:५०

उशीर झाला, परत गावी गेलो होतो. काल कानबाई (आमच्या खानदेशातला देवीचा सण) होती. नागपंचमीनंतरचा रविवार, आमच्यात रोट भाऊबंदकीतच खायचे असतात, त्यामुळे नाशिकहून यावंच लागतं. जंक्शन काकांना त्यातही हॅमिल्टन दिसेल.

नानांना विचारलं. काच फोडताना मनात काय आलं, देव आठवला का? अहिराणीत जे म्हणाले ते तसंच लिहितो: "देव काय नि दानव काय भो, तो माणूस वरडी राहिंता ना." मग डब्याचं विचारलं. जरा थांबले. म्हणाले, "सगळा लई जाई राहिंतात." (सगळेच नेत होते.) बोळीचं विचारलं तेव्हा उठून म्हशीला पाणी दाखवायला गेले.

मामांनी मत बदललेलं नाही. आता म्हणतात, लाजवणारा देव.

आणखी एक झालं ते लिहायला हवं. मागच्या बुधवारी तो ड्रायव्हर आला, हात गळ्यात बांधलेला, ट्रकचे कागद घ्यायला पोलीस ठाण्यात आला होता, तिथून गाव विचारत विचारत घरी. नानांच्या पाया पडायला लागला, नानांनी पडू दिलं नाही. जेवायला बसवलं. काकूंनी शेवभाजी केली होती, वर बोटभर तर्री. त्यानं दोनदा मागून घेतली आणि म्हणाला, असं जेवण हायवेला कुठं मिळत नाही. नाना खाली बघून भाकरी कुस्करत होते. डबा चुलीच्या मागं, वर गोणपाट टाकलेलं.


सातपुडा_ओपीडी | सोमवार, रात्री ९:१५

म्हणजे त्यानं स्वतःच्याच ट्रकमधलं तेल खाल्लं!


केळीचं_खोड | सोमवार, रात्री ९:१७

नानांनी सांगितलं का त्याला?


बोरीकाठ | सोमवार, रात्री ९:३०

नाही. जाताना त्याच्या पिशवीत काकूंनी बिबडे आणि दोन किलो तूरडाळ घातली. नानांनी एसटीच्या तिकिटाचे पैसे द्यायचा प्रयत्न केला, त्यानं घेतले नाहीत.


मुक्ताईची_लेक | सोमवार, रात्री ९:४४

डबा संपला का?


बोरीकाठ | सोमवार, रात्री १०:०२

अर्धा आहे अजून. काल कानबाईपुढे दिवा लावायची वेळ आली तेव्हा मी उठून त्याच डब्यातून वाटीभर घ्यायला गेलो. काकूंनी हात धरला. दुकानातून पावशेर तेल वेगळं आणून ठेवलेलं होतं, फडताळात, कागदात गुंडाळून.

म्हटलं, काकू, आपण तर रोज तेच खातो.

म्हणाल्या, "आपले खावाले चाली. देवले नही चालाव."